बेटावरचे पक्षी मोजायचे की पिल्लं?

प्रश्न: आम्ही नाशिकचे काही जण दर हिवाळ्यात निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षीगणनेला जातो. दूरच्या निर्मनुष्य बेटांवर समुद्रपक्ष्यांची संख्या आणि त्यांची वीण किती यशस्वी झाली, हे कसं ठरवतात? वर्षातून एक-दोनदाच तिथे जाता येत असेल तर त्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? गोदावरीच्या पात्रात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटांवर आम्हाला नदी सुरयांची (रिव्हर टर्न) घरटी दिसतात. त्यांच्यासाठी यातलं काही वापरता येईल का?

उत्तर: वापरता येईल. तुमची सोय तर बेटांवर जाणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यांना बोट, हवामान आणि पैसा या तिघांची मर्जी सांभाळावी लागते, तुम्हाला निफाडची एसटी पुरते. मात्र हिवाळी गणनेची सवय आधी बाजूला ठेवा. जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिचं मोल मोठं आहे, पण ती एवढंच सांगते की या महिन्यात या पाण्यावर किती पक्षी उतरले. ते कुठे जन्मले, इथे त्यांची पिल्लं होतात का, झाली तर जगतात का, याच्याशी तिचा संबंध नाही. वसाहतीवर, म्हणजे एकत्र घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या वस्तीवर, काम करणाऱ्याला नेमकं तेच शोधायचं असतं.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत नुसती प्रौढांची मोजणी फसवी का ठरते, ते आधी बघू. हे पक्षी फार जगतात आणि फार कमी पिल्लं वाढवतात. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर 'विज्डम' नावाची लेसन अल्बट्रॉस मादी आहे. तिच्या पायात १९५६ साली कडं घातलं तेव्हाच ती प्रौढ होती, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिच्या अंड्यातून पुन्हा पिल्लू बाहेर आलं. सुरय इतका जगत नाही, तरी छोट्या रानपक्ष्यांच्या मानाने तोही दीर्घायुषीच. आता कागदावर हिशोब मांडा. समजा, एका बेटावर १०० जोड्या आहेत, म्हणजे २०० पक्षी. दरवर्षी दहातला एक मरतो, म्हणजे २० जातात. उडालेल्या पिल्लांपैकी ४० टक्के जगून वाचून चौथ्या वर्षी वीण करायला परततात असं धरू. मग २० ची भरपाई व्हायला दरवर्षी ५० पिल्लं उडायला हवीत, जोडीमागे अर्धं पिल्लू. आता एका हंगामापासून काहीतरी बिघडलं आणि एकही पिल्लू जगेनासं झालं. त्या वर्षी मोजणी केली तर २००. पुढच्या वर्षी २००, त्याच्या पुढच्या दोन्ही वर्षी २००, कारण आधीच्या चांगल्या हंगामांतली पिल्लं वयात येऊन भरती होतच राहतात. पाचव्या हंगामात १८०. मोजणीत दहा टक्के इकडेतिकडे होतातच, त्यामुळे त्या १८० कडे कोणी लक्ष देत नाही. सहाव्यात १६२ दिसतात तेव्हा पहिल्यांदा कपाळाला आठी पडते. मतदारयादी दरवर्षी तेवढीच, पण जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट शून्यावर आलेला, अशा गावासारखी या वसाहतीची गत असते.

हे निव्वळ कागदी गणित नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर १९८० च्या दशकात आर्क्टिक सुरयांच्या वसाहतींत लागोपाठ अनेक हंगाम जवळजवळ पिल्लंच मोठी झाली नाहीत. अंडी होती, पिल्लं बाहेरही येत होती, पण सँडईल नावाची बारीक मासळी समुद्रातून गायब झाल्यामुळे ती उपाशी मरत होती. पिल्लांची नोंद ठेवणारी माणसं होती म्हणूनच तिथल्या सँडईलच्या मासेमारीवर चर्चा झाली आणि पुढे ती बंदही झाली. दुसरं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटाचं. ट्रिस्टन अल्बट्रॉस तिथे वाढतो. त्याची पिल्लं मोठ्या संख्येने का मरतात हे कळत नव्हतं, म्हणून घरट्यांवर रात्री दिसणारे कॅमेरे लावले. जहाजांबरोबर बेटावर आलेले घरगुती उंदीर जिवंत पिल्लांना कुरतडून खात आहेत, हे त्यात दिसलं. पिल्लू उंदराच्या शेकडो पट वजनाचं, पण स्वतःचा बचाव करणं त्याला ठाऊकच नाही. २०२१ साली तिथे उंदीर संपवण्याची मोठी मोहीम झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा एक उंदीर कॅमेऱ्यात दिसला. यश मिळालं नाही, पण दुखणं कुठे आहे ते कळलं, तेही प्रौढांच्या मोजणीतून कळलेलं नाही.

आता मोजणीकडे येऊ. बेटावर उतरल्यावर पहिला प्रश्न 'किती' हा नसतो. 'काय मोजायचं' हा असतो. या एका गोष्टीवर मी नवख्या माणसांशी सगळ्यात जास्त वाद घातले आहेत. किटीवेक नावाचा कुरव उभ्या कड्यावर चिखल-गवताचं घरटं बांधतो. तिथे एकक ठरलेलं आहे: अंडी राहू शकतील इतकं नीट बांधलेलं घरटं आणि त्यावर निदान एक प्रौढ पक्षी. अर्धवट बांधलेलं मोजायचं नाही, वेगळं लिहायचं. गिलमॉट हा समुद्रपक्षी घरटंच बांधत नाही. कड्याच्या उघड्या पायरीवर एकच अंडं घालतो आणि खांद्याला खांदा लावून उभा राहतो. तिथे घरटी कशी मोजणार? म्हणून सरळ पक्षी मोजतात, तेही ब्रिटनमध्ये जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात, कारण त्या काळात कड्यावरची ये-जा सगळ्यात स्थिर असते. पक्ष्यांवरून जोड्या काढायच्या तर साधारण ०.६७ ने गुणतात. माझं मत विचाराल तर गुणाकार शेवटी करा. वहीत मूळ आकडा आणि त्याचं एकक हेच राहिलं पाहिजे, कारण गुणक उद्या बदलतो आणि कच्ची नोंद हरवली तर मागचं सगळं काम वाया जातं.

बिळात घरटी करणारे पक्षी हा वेगळाच कारभार. वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटरच्या साडेतीन लाखांच्या आसपास जोड्या आहेत, आणि दिवसा बेटावर फिरलात तर जमिनीवर एकही दिसत नाही. एक बिळात अंड्यावर, दुसरा समुद्रावर. अदलाबदल होते ती अंधारात. मग बिळाच्या तोंडाशी त्याच जातीचा आवाज वाजवायचा आणि आतून उत्तर येतं का ते ऐकायचं. पण आत असलेला प्रत्येक पक्षी उत्तर देत नाही. नराचा आवाज वाजवला तर बहुतेक नरच बोलतो, आणि त्या दिवशी अंड्यावर मादी असेल तर बीळ रिकामं वाटतं. म्हणून ज्या बिळांत पक्षी आहे हे नक्की माहीत आहे अशी काही बिळं आधी निवडतात आणि तिथे लागोपाठ काही दिवस आवाज वाजवून उत्तराचं प्रमाण काढतात. ते ४० टक्के निघालं आणि पाहणीच्या तुकड्यात २४ बिळांतून उत्तर आलं, तर २४ भागिले ०.४, म्हणजे ६० जोड्या. हे प्रमाण त्याच बेटावर, त्याच हंगामात काढलेलं असावं. दुसऱ्या बेटाचं उसनं घेतलं तर उत्तर दीडपट-दुप्पट चुकू शकतं. बिळात घालायचे छोटे कॅमेरेही मिळतात, पण वळणावळणाच्या बिळात ते अडकतात आणि दिवसभरात थोडीच बिळं तपासून होतात.

आपल्याकडची समुद्रपक्ष्यांची वसाहत बघायची तर लक्षद्वीपमधलं पिट्टी. कवरत्तीच्या वायव्येला वाळू-प्रवाळाचा जेमतेम सव्वा हेक्टरचा तुकडा, झाड नाही, गोडं पाणी नाही. काळ्या पाठीचे सूटी टर्न, ब्राऊन नॉडी, मोठे तुरेवाले सुरय तिथे जमिनीवरच अंडी घालतात. बोट जवळ गेली की अख्खी वसाहत एकदम उठते. त्या उडत्या गर्दीवरून अंदाज बांधू नका. दोन अनुभवी माणसांचे आकडे निम्म्या-दुपटीने वेगळे येतात. अशा ठिकाणी वसाहतीची सीमा चालत आखायची, आत ठरावीक मापाचे चौकोन टाकायचे, त्यातली अंडी-घरटी मोजायची आणि क्षेत्रफळाने गुणायचं. चौकोन कुठे पडणार हे मात्र आधी चिठ्ठी टाकून किंवा नकाशावर ठरवायचं. डोळ्यांना बरं दिसेल तिथे टाकले तर ते हमखास दाट भागात पडतात. काठावरची घरटी विरळ असतात आणि शिकारी प्राण्या-पक्ष्यांच्या तोंडी आधी तीच जातात.

वर्षातून एकदाच जायचं असेल तर तारीख चुकली की सगळं चुकलं. याचं सगळ्यात गमतीशीर उदाहरण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाचं. तिथले सूटी टर्न बारा महिन्यांनी वीण करत नाहीत, साधारण साडेनऊ-दहा महिन्यांनी करतात. दरवर्षी त्याच तारखेला जाणाऱ्याला एका वर्षी बेट गच्च भरलेलं दिसेल आणि पुढे कधीतरी रिकामं. दोन्ही वेळा पक्षी तेवढेच. आपल्या वेंगुर्ला रॉक्सची अडचण वेगळी. तिथल्या सुरयांवर हुमायून अब्दुलअलींनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये १९४२ साली लिहिलं, तरी त्यानंतरच्या नोंदी तुटक आहेत. कारण साधं आहे: वीण ऐन पावसाळ्याच्या दिवसांत, समुद्र तेव्हाच खवळलेला, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बोटीही किनाऱ्यावर ओढलेल्या. कोकणातला नावाडी 'आता नाही जायचं' म्हणाला की नाही जायचं. त्याच्याशी हुज्जत घालणारे सर्वेक्षक मला आवडत नाहीत.

विश्वासाचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. एका फेरीचा आकडा, त्यात चूक किती असू शकते याच्या अंदाजासकट दिला तरच तो वापरण्याजोगा असतो. तो अंदाज काढायची जुनी युक्ती अशी: पहिली जोडी वसाहतीतून जाते आणि सापडलेल्या प्रत्येक घरट्याजवळ एक रंगवलेला खडा ठेवते, समजा ६० घरटी. थोड्या वेळाने दुसरी जोडी स्वतंत्रपणे फिरते. तिला ५० सापडतात, त्यांतल्या ४० जवळ खडा असतो. म्हणजे दुसऱ्या जोडीला सापडलेल्यांपैकी पाचातलं एक घरटं पहिल्या जोडीच्या नजरेतून सुटलं होतं. एकूण घरटी ६० गुणिले ५० भागिले ४०, म्हणजे ७५. यात एक गृहीत आहे की सगळी घरटी सारखीच सापडतात. गवतातली घरटी दोघांच्याही नजरेतून सुटली तर ७५ हाही आकडा कमीच.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये ही अडचण दोन पातळ्यांवर सोडवली आहे. सगळ्या वसाहतींची संपूर्ण शिरगणती पंधरा-वीस वर्षांतून एकदा: १९६९-७०, १९८५-८८, १९९८-२००२ आणि २०१५-२१. आणि १९८६ पासून काही निवडक वसाहतींत दरवर्षी ठरावीक तुकड्यांवर संख्या आणि पिल्लं दोन्हींची नोंद. मोठी शिरगणती पसारा दाखवते, वार्षिक नोंद दिशा दाखवते. संकट येतं तेव्हा या मागच्या नोंदींची किंमत कळते. २०२२ साली बर्ड फ्लूने स्कॉटलंडच्या बास रॉकवरचे गॅनेट मेले. २०१४ मध्ये तिथे घरट्यांच्या सुमारे ७५ हजार जागा पक्ष्यांच्या ताब्यात असलेल्या मोजल्या होत्या, २०२३ मध्ये सुमारे ५२ हजार. आधीचा आकडा नसता तर 'बरेच मेले' यापलीकडे कोणाला काही म्हणता आलं नसतं.

आता वीण यशस्वी झाली की नाही याचा हिशोब. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त काम आहे, म्हणून सावकाश सांगतो. सरळ पद्धत अशी वाटते: २० घरटी सापडली, १४ मध्ये पिल्लं बाहेर आली, म्हणजे ७० टक्के यश. हे उत्तर जवळजवळ नेहमी फुगलेलं असतं. जी घरटी तुम्ही पोहोचायच्या आधीच कावळ्याने किंवा पाण्याने नेली ती तुमच्या यादीत आलीच नाहीत. तुम्हाला सापडली ती तोवर तगलेली. ओहायोतल्या हॅरल्ड मेफिल्ड या हौशी पक्षीअभ्यासकाने १९६१ साली यावर तोडगा मांडला: घरटी मोजू नका, घरट्यांचे दिवस मोजा. प्रत्येक घरटं तुमच्या नजरेखाली किती दिवस जिवंत होतं त्यांची बेरीज करा. समजा, २० घरट्यांचे मिळून २४० दिवस झाले आणि त्या काळात ६ घरटी गेली. रोज जाण्याचं प्रमाण ६ भागिले २४०, म्हणजे ०.०२५. रोज टिकण्याचं ०.९७५. अंडी उबायला साधारण २१ दिवस लागतात असं धरलं तर ०.९७५ चा २१ वा घात, म्हणजे सुमारे ०.५९. सत्तर टक्के वाटत होतं ते प्रत्यक्षात एकोणसाठ. दोन फेऱ्यांच्या मधे घरटं गेलं असेल तर ते मधल्या दिवशी गेलं असं धरा. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हा हिशोब होतो. यापेक्षा नवी, संगणकावरची प्रारूपं आहेत, पण त्यांनाही कच्चा माल हाच लागतो: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंडी किती, पिल्लं किती, दिसलं काय.

पिल्लं बाहेर आली की सुरयाच्या बाबतीत खरी पंचाईत सुरू होते. गिलमॉटचं पिल्लू तीन आठवडे एकाच पायरीवर बसतं आणि मग न उडता येताच बापापाठोपाठ समुद्रात उडी मारतं. त्यामुळे समोरच्या कड्यावरून दुर्बिणीने आणि क्रमांक टाकलेल्या फोटोवर रोज खूण करत त्याचा हिशोब नीट लागतो. पंधरा दिवसांच्या पुढचं पिल्लू दिसेनासं झालं तर ते समुद्रात गेलं असं मानतात. सुरयाचं पिल्लू दोन-तीन दिवसांत घरटं सोडून गवतात, दगडाआड दडतं. कोणतं पिल्लू कोणत्या घरट्याचं हे सांगणं अशक्य. काही देशांत वसाहतीच्या तुकड्याला बुटकं कुंपण घालून पिल्लं आत ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ते करू नका, सावली गाठता न आल्याने पिल्लं मरतील. त्याऐवजी हंगामातली एकाच वेळची सर्वाधिक घरटी हा भाजक धरा, आणि उडायच्या बेतातली किंवा नुकती उडालेली पिल्लं लांबून स्कोपने, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीने, मोजून तो भाज्य. मिळेल तो कमीत कमी आकडा, आणि अहवालात 'कमीत कमी' हे शब्द लिहायला विसरू नका. आणखी एक खाच: पहिली अंडी गेली की सुरय पुन्हा घालतात. त्यामुळे हंगामभर सापडलेल्या एकूण घरट्यांची संख्या जोड्यांपेक्षा बरीच जास्त भरते. तिने भागलं तर यश उगाच कमी दिसेल.

बघणाऱ्यामुळे होणारं नुकसान हा विषय मी कधी इतक्या उशिरा काढत नाही, इथे मात्र काढला, कारण यापुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन वसाहतीत कोसळला. एलिगंट टर्न जातीचे सुरय घाबरून उडून गेले ते परतलेच नाहीत, आणि दीड हजारांच्या आसपास अंडी वाळूवर तशीच पडून राहिली. ड्रोन वाईट नाही, बर्ड फ्लूच्या काळात बेटावर न उतरता मोजायला त्याचाच आधार झाला. पण तो कोणत्या उंचीवर पक्ष्यांना चालतो हे आधी पारखून घ्यावं लागतं, शिवाय अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. आपल्याकडे ड्रोनपेक्षा ऊन घातक. एप्रिलात निफाडला पारा चाळिशीला टेकतो. सुरय त्या वेळी अंडी उबवत नसतो, अंड्यांवर सावली धरून असतो. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. तुम्ही दुपारी बेटावर अर्धा तास रेंगाळलात तर अंडी उकडून जातील आणि तुम्हाला ते कळणारही नाही, कारण अंडं बाहेरून तसंच दिसतं. म्हणून फेरी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड तासात, बेटावर पंधरा मिनिटांच्या वर नाही, आणि जे काठावरून स्कोपने दिसतं त्यासाठी बेटावर पाय ठेवायचाच नाही. झेंडे, काठ्या, रंगीत फिती लावू नका, कावळे त्यावरून घरटी शोधतात. घरट्यापासून हातभर अंतरावर क्रमांक लिहिलेला चपटा खडा पुरे. जाताना-येताना वाट बदला, कुत्री माणसाच्या वासावरून येतात. वर कावळे-घारी घिरट्या घालत असतील तर त्या दिवशी परत फिरा.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणी समजून घेतल्याशिवाय तिथल्या घरट्यांचा हिशोब लागणार नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा ब्रिटिशांच्या काळातला बंधारा. १९८६ ला अभयारण्य झालं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. गाळाने उथळ झालेलं पाणी पक्ष्यांना आवडतं. पण हा बंधारा मुळात कालव्यांसाठी आहे. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून उन्हाळी आवर्तन सुटलं की पाणी इथे येतं आणि पुढे कालव्यांत जातं. सुरय घरटं करतो ते पाणी ओसरलेलं असताना, काठापासून तुटलेल्या बेटावर, कारण तिथे कुत्रं पोहोचत नाही. मग आवर्तनाने पातळी वितभर वाढली तर सखल बेटावरची सगळी घरटी एका रात्रीत जातात, आणि उलट पातळी फार उतरली तर बेट काठाला जोडलं जाऊन जनावरं, कुत्री, माणसं आत येतात. कर्नाटकात भद्रा जलाशयातल्या बेटांवर नदी सुरयांची मोठी वसाहत आहे. तीही अशीच पाण्याच्या पातळीवर तगून असते. म्हणून तुमच्या वहीत पक्ष्यांइतकाच महत्त्वाचा रकाना पाण्याचा. काठाला एक मापाची पट्टी ठोकता आली तर उत्तम, नाही तर एखाद्या पक्क्या खडकाचा दर फेरीला त्याच जागेवरून फोटो. आवर्तनाच्या तारखा जलसंपदा विभागाच्या कार्यालयात मिळतात, स्थानिक वर्तमानपत्रांतही येतात, आणि पाटकऱ्याला त्या आधी कळतात. त्याच्याशी ओळख ठेवा.

बाकी कारणं जागेवर ओळखायची सवय लावा. कवच जागेवर फोडलेलं आणि बलक सांडलेला असेल तर कावळ्याचा संशय. अंडी अख्खी पण काठाच्या गाळात वाहून अडकलेली असतील तर पाणी. खुरांचे ठसे म्हणजे म्हशी. गाळपेऱ्यासाठी (पाणी ओसरलेल्या गाळातल्या पेरणीसाठी) नांगर फिरला असेल तर ते लांबूनच दिसतं, आणि त्या शेतकऱ्याशी भांडू नका. त्याच्याकडे बहुधा रीतसर परवाना असतो, आणि कोणत्या कोपऱ्यात 'टिवटिवे बसतात' हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मार्च-एप्रिलची गारपीट निफाडच्या द्राक्षबागांची बातमी होते. त्याच रात्री उघड्यावरच्या अंड्यांचं काय झालं याची नोंद मला कुठे वाचायला मिळालेली नाही. ती तुम्ही करू शकता. घरटं का गेलं ते कळलं नाही तर 'कारण अज्ञात' लिहा आणि पुढच्या घरट्याकडे जा. अंदाजाने 'कावळा' लिहिण्याची खोड सगळ्यांना लागते आणि मग अहवालात कावळे खलनायक होतात.

मेलेले पक्षी एकाच जागी बरेच दिसले तर हात लावायचा नाही. फोटो, जागा, वेळ, आणि वनखातं व पशुसंवर्धन विभाग दोघांना फोन. २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला होता, आणि नाशिक पट्ट्यात कोंबडीपालन किती आहे ते तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या हंगामात फार पसरू नका. एक किंवा दोन बेटं, दर पाच-सहा दिवसांनी फेरी, फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. नदी सुरयाबरोबर शेकाट्या, टिटवी आणि छोटे प्रॅटिनकोल याच बेटांवर बसतात. त्यांची घरटी दिसली तर लिहा, पण वेळ सुरयालाच द्या. ज्या फेरीत काही नाही सापडलं तीही 'शून्य' म्हणून तारखेसह लिहा. रिकामी फेरी वहीत नसेल तर वीण कधी सुरू झाली हे पुढे कोणालाच काढता येत नाही. तीच माणसं सलग काही वर्षं टिकतील असं बघा. माणूस बदलला तर एक हंगाम जुन्या-नव्याने एकत्र मोजा आणि दोघांचे आकडे वेगवेगळे लिहा.

वनखात्याची परवानगी हे या कामातलं पहिलं पाऊल आहे. अभयारण्याच्या हद्दीत बेटावर उतरणं, अंडं हातात घेणं, पिल्लाला कडं घालणं यांतलं काहीही लेखी परवानगीशिवाय करू नका. अंडं पाण्यात तरंगवून त्याचं वय काढायची पद्धत आहे, ती पहिल्या वर्षी मागूही नका, निरीक्षणापुरतीच परवानगी मागा. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला द्या, कारण जानेवारीत खातं पक्षीगणनेच्या गडबडीत असतं आणि फेब्रुवारीत सुरय जागा धरू लागतात. अर्जात बेटांचा साधा नकाशा, फेऱ्यांच्या अंदाजे तारखा, जाणाऱ्यांची नावं, बेटावर किती मिनिटं थांबणार ते, आणि हंगाम संपल्यावर कच्च्या नोंदींची प्रत खात्याला देऊ असं एक वाक्य एवढं पुरे. चापडगावच्या बाजूला पक्षी दाखवणारे स्थानिक तरुण आहेत. त्यांतल्या एखाद्याचं नाव, त्याला विचारून, त्या यादीत सगळ्यात वर घाला.